शेपूट आलं म्हणजे सगळे आले

सायकल क्लबाच्या लांबच्या टूरवर दोघांना नावं नसतात, हुद्दे असतात. सगळ्यांच्या पुढे जातं ते डोकं आणि सगळ्यांच्या मागून येतं ते शेपूट. डोकं पहाटेच निघतं आणि जिथे जिथे रस्ता फुटतो तिथे खांबाला, झाडाला, कुंपणाला, जे हाती लागेल त्याला लाल कापडाची पट्टी बांधत जातं. पट्टी डाव्या बाजूला दिसली की डावीकडे वळायचं, उजव्या बाजूला दिसली की उजवीकडे. मधली मंडळी आपापल्या दमाने, गप्पा छाटत, फोटो काढत येतात आणि वळतात. सगळे वळून गेले की मागून शेपूट येतं, पट्टी सोडतं आणि पिशवीत टाकतं. पट्ट्या दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतात, शिवाय दुसऱ्यांच्या गावात आपली लक्तरं लटकत ठेवणं बरं दिसत नाही.

नियम दोनच. डोक्याने मागे फिरायचं नाही आणि शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही. त्यामुळे मुक्कामावर हजेरी वगैरे घेण्याची भानगड नसते. शेपूट आलं म्हणजे सगळे आले.

मास्तर जन्मभर डोकं होते. या वर्षी पहिल्यांदा शेपूट झाले.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. मामाच्या दुकानात कात्रणं झाडता झाडता कापड कापायला शिकले आणि पुढे कोपऱ्यावर स्वतःचं दुकान टाकलं. दोन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल आणि एक आरसा, ज्यात गिऱ्हाईक जरा बारीक दिसे. मास्तरांच्या पँटला नाव होतं. सायकलचा नाद लागला तो मात्र एका चड्डीपायी. दातांच्या डॉक्टरला सायकलवर बसून उसवणार नाही अशी चड्डी हवी होती. मास्तरांनी ती शिवली, ती उसवत कशी नाही हे बघायला म्हणून एका रविवारी त्याच्याबरोबर गेले आणि क्लबाचेच झाले. पट्ट्यांची युक्ती त्यांचीच. शाळेच्या गणवेशाचं लाल कापड दुकानात उरायचं, ते कामाला आलं.

बायको आली ती पुढच्या वर्षी. "घरी बसून काय करणार आहेस?" असं मास्तर म्हणाले, म्हणून आली. घरी बसायला तिला वेळ कधी होता, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नाही. दुकानात कापणं आणि शिवणं मास्तरांचं. काजं, बटणं, हातशिलाई, इस्त्री आणि घडी तिची. मास्तर मशीनवरून उठून घरी जायचे तेव्हा तिच्यापुढे शर्टांचा ढीग असायचा. टूरवर शेपूट कोणाला करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाला, "नवरा डोकं, बायको शेपूट. मधला प्राणी आम्ही!" सगळे हसले, ती पण हसली आणि ठरून गेलं.

मग वर्षानुवर्षं तसंच चाललं. संध्याकाळी ती मुक्कामावर पोचायची तेव्हा मास्तरांची अंघोळ, जेवण, सगळं उरकलेलं असायचं. ते तिला विचारायचे, "आलीस? पट्ट्या सगळ्या आहेत ना?" दरवर्षी थोड्या कमीच भरायच्या. "पट्ट्या काय खातेस का?" असं ते चारचौघांत म्हणायचे. चारचौघांना ते आवडायचं.

मुलीला बाळ झालं आणि बायको तिच्याकडे गेली, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. भांडण नाही, तंटा नाही, बायको परत आली नाही एवढंच. मास्तरांनी मुलीला विचारलं तर ती ताकास तूर लागू देईना. "बाबा, आई आत्ता अंघोळीला गेलीय." संध्याकाळी सात वाजता कोण अंघोळ करतं? दुकानात बिनबटणांचे शर्ट खुंटीवर साठत गेले आणि गिऱ्हाईकं कुरकुरत ते तसेच घेऊन जाऊ लागली. सकाळी घराबाहेर पडताना मास्तर रेडिओ चालू ठेवून निघत. परत आल्यावर आत कोणीतरी बोलत असावं म्हणून. एकटेपणाला त्यांनी कधी एकटेपणा म्हटलं नाही. ते म्हणायचे, घर मोठं झालंय.

शेवटी महिन्यापूर्वी त्यांनी तिलाच फोनवर धरलं. "अगं, तिकडे असं आहे तरी काय? येणार आहेस की नाही, एकदा सांगून टाक."

"तुम्हाला सांगून कळायचं नाही," ती म्हणाली. "या टूरला शेवटून चालवून बघा. पहिल्या मुक्कामावरून फोन करा आणि मग विचारा. खरं काय ते सांगीन."

मास्तरांना ही पैजच वाटली. बायको गेल्यापासून दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडणारं शेपूट या वर्षी कोण होणार असं बैठकीत विचारल्यावर सगळे छताकडे बघू लागले, तेव्हा मास्तरांचा हात वर झाला. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मन वगैरे काही नव्हतं. बायको परत येते की नाही, तेवढं त्यांना हवं होतं, आणि ते आज संध्याकाळी कळणार होतं. खुंटीवरची तिची जुनी पट्ट्यांची पिशवी त्यांनी आत न बघताच कॅरिअरला बांधली.

पहिल्या दिवसाचा पल्ला सगळ्यात लांब असतो. डॉक्टर आता डोकं झाला होता, तो अंधारातच गेला. मग जोराने चालवणारी मंडळी गेली, मग बेताने चालवणारी, आणि सगळ्यांत शेवटी सिस्टर. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. अंगाने भरलेली, चालीने गोगलगाय, आणि दिसेल त्या कुत्र्याला घंटी वाजवून नमस्कार करणारी. त्यांचा फोन सामानाच्या टेम्पोत असायचा. वॉर्डात जन्मभर घंट्या ऐकल्या, आता सायकलवर तरी नको, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं शेपटाच्या पुढे त्याच असत.

मास्तरांच्या पायांना हा वेग माहीतच नव्हता. पेडल मारावं तर सिस्टर आडव्या येतात, न मारावं तर सायकल पडते. तासाभरात त्यांनी सिस्टरना शंभर यार्ड पुढे सोडलं आणि मागून रेंगाळत राहिले. पुढून हसण्याचे आवाज येत होते, ते आधी बारीक झाले आणि मग बंदच झाले. टेकडीवर चढताना त्यांना पुढची सगळी रांग दिसली, वळणावरून एकेक करून नाहीशी होणारी. कोणी मागे बघत नव्हतं. का बघावं? मागे फक्त शेपूट होतं.

पहिल्या फाट्यावर पट्टी होती. मास्तर उतरले, सायकल स्टँडवर लावली, गाठ सोडायला दोन्ही हात लावले आणि टोक ओढताच पट्टी सुळकन हातात आली. "ही काय गाठ म्हणायची?" ते स्वतःशीच म्हणाले. "वाऱ्याने सुटली म्हणजे?" मास्तरांची गाठ कशी असायची! दुहेरी, वर एक आडवी, आणि शेवटी दातांनी आवळलेली. वादळ आलं तरी ढिम्म हलायची नाही.

पण वारा होता, चांगला घोंघावत होता, आणि डॉक्टरची गाठ प्रत्येक खांबावर जागची जागी होती. ओढली की मात्र सुटत होती. दुसऱ्या फाट्यावर तसंच, तिसऱ्या फाट्यावर तसंच. मास्तर चिडले. आपल्याला ही गाठ सुचली नाही याचा राग, की ही कोणाला तरी सुचली याचा, हे त्यांचं त्यांना कळेना. ऊन वर आलं, रस्ता सरळ झाला, आणि बोलायला कोणी नसलं की माणूस जसा एकच गोष्ट चघळत बसतो तसे ते गाठ चघळत राहिले. एका बंद दुकानावरून ते गेले. दुकानाच्या मागे हातपंप होता. पुढच्या खांबावर पट्टी दिसते का, एवढंच बघत गेले. पट्टी दिसली, ती सोडली आणि पिशवीत टाकली. तिच्यापुढची पण सोडली.

जेवणाची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या गिरणीची पडवी होती. मास्तर पोचले तेव्हा मंडळी हात धुऊन टोप्या घालत होती. त्यांना बघून एकजण ओरडला, "शेपूट आलं! चला!" आणि जो तो सायकलवर बसला. इतका वेळ सगळे आपली वाट बघत होते असं मास्तरांना क्षणभर वाटलं होतं. वाट बघत होते हे खरं, पण निघता यावं म्हणून.

डॉक्टर सगळ्यांच्या आधी निघायचा होता. तो सायकल वळवता वळवता थांबला. "काय मास्तर, गाठी सुटतायत ना नीट?"

"सुटतायत. कुठे शिकलास?"

"वहिनींनीच शिकवली. तुम्हाला ताप आला होता बघा, दोन दिवस मी डोकं होतो. त्या रात्री त्यांनी खिडकीच्या गजाला बांधून दाखवली. म्हणाल्या, डॉक्टर, एवढी कृपा करा, माझी नखं वाचतील." तो हसला. "तुम्हाला दाखवली नाही?"

तो गेला. मास्तर पायरीवर बसले. बायकोचा उजवा अंगठा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. टूरवरून परत आल्यावर त्याचं नख नेहमी अर्धं तुटलेलं असायचं आणि काजं करताना ती तोंडाने 'स्स' करायची. काजांमुळेच तुटत असेल, असं त्यांना वाटे. आणि तिने सांगितलं होतं. एकदा, दुकानात, इस्त्री करता करता. "अहो, गाठ जरा सैल मारत जा ना." त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, "सैल गाठ म्हणजे काय गाठ असते का?" पुढे ती काही बोलली नव्हती. मास्तरांच्या लेखी विषय तिथे संपला होता.

आता पडवीत कोणी नव्हतं. वर कौलांत कबुतरं घुमत होती. जेवणाच्या पुड्या ज्या टोपल्यात असतात ते मास्तरांनी ओढलं. आत दोन पुड्या होत्या.

एक त्यांची. दुसरी कोणाची?

त्यांनी पुडी उघडायला घेतली होती, ती खाली ठेवली. सकाळपासून पुढे दिसत होती ती सिस्टरची पिवळी टोपी शेवटची कधी दिसली? ते आठवू लागले आणि हातपंपानंतर ती दिसल्याचं त्यांना आठवेना. सिस्टर मागे राहिल्या होत्या. सिस्टर मागे होत्या आणि त्यांच्यापुढच्या सगळ्या खुणा मास्तरांच्या पिशवीत होत्या.

डॉक्टरला फोन करता आला असता. त्यांनी खिशातून काढलासुद्धा. पण काय सांगणार? शेपूट पुढे आलं आणि माणूस मागे राहिलं? क्लबात असं कधी झालं नव्हतं. बायकोच्या हातून इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं, आणि पैज मारून आलेल्या मास्तरांच्या हातून ते जेवणाच्या आत झालं. त्यांनी फोन परत ठेवला, दोन्ही पुड्या पिशवीत कोंबल्या आणि उलटे फिरले.

सकाळी पाठीला असलेला वारा आता तोंडावर आला. उलटीकडून रस्ता ओळखूच येत नव्हता. ज्या झाडाच्या डावीकडून आलो ते हे झाड की ते? एका चौकात मास्तर पाय टेकून उभे राहिले आणि सवयीने खांबाकडे पाहू लागले. खांब उघडा होता. आपणच उघडा केला होता. दुपारची वेळ, चिटपाखरू नाही, विचारावं तर कोणाला? मास्तरांना त्या चौकात अगदी लहान मुलासारखं रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, कोणी बघायला नव्हतंच. मग नाक पुसून, ज्या रस्त्यावर आपल्या टायरची नक्षी दिसली तो धरला.

पिवळी टोपी पुढच्या फाट्यावर होती. सिस्टर पुलाच्या कठड्यावर बसून, बूट काढून, बिस्किटं खात होत्या.

"आलात? बसा," त्या म्हणाल्या. मास्तर दुकानात जरा उशिराने आले असावेत, असा स्वर होता.

"सिस्टर, माझं चुकलं. तुम्ही पाणी भरायला थांबला असाल आणि मी..."

"कळलं मला. घंटी वाजवली, पण तुमची तंद्री लागली होती. इथवर आले तर खांबाला पट्टी नाही. म्हटलं, आता हलायचं नाही. तुमच्या बायकोचा नियम. पट्टी दिसली नाही तर बसून राहा सिस्टर, शेपूट येतंच. बसून राहिले." त्यांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. "तिच्या वेळी बसायची पाळी कधी आली नाही, म्हणून पायाला जरा मुंग्या आल्या."

मास्तरांनी त्यांची पुडी त्यांना दिली आणि स्वतःची उघडली. कठड्याखालून पाणी वाहत होतं. जेवता जेवता त्यांनी विचारलं. विचारायचं की नाही, हे ठरवायच्या आतच विचारून झालं. "सिस्टर, तिला मागे करमायचं का हो?"

सिस्टरनी घास चावून संपवला. "खरं सांगू? की तुम्हाला बरं वाटेल ते सांगू?"

"खरं."

"पहिल्या टूरला ती पट्टी सोडताना घड्याळ बघायची आणि मला सांगायची, 'सिस्टर, आमचे हे आत्ताच इथून गेलेत.' नवीन लग्न झालेली पोर बोलते तसं. मला घाई करायची. म्हणायची, जरा पाय उचला, पुढच्या फाट्यावर गाठू. मी म्हणायचे, बाई गं, तो डोकं आहे, थांबायचा नाही." सिस्टर थांबल्या. "मग काही वर्षं म्हणायची, 'गेले असतील.' आणि शेवटच्या टूरला काहीच म्हणाली नाही. उतरायची, सोडायची, पिशवीत टाकायची, चढायची. मी आपली घंटी वाजवायचे, तेवढाच आवाज."

मास्तरांना रागावायला कोणीतरी हवं होतं आणि कोणीच नव्हतं.

"एकदाही तक्रार केली नाही हो तिने," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही बायका तक्रार करतो तेव्हा पुरुषांनी देवाचे आभार मानावेत. करायचं सोडलं की समजावं, आता हिशेब बंद. चला, बूट घालते. आणि आता मी म्हटलं तरी पुढे जाऊ नका."

उरलेल्या वाटेवर मास्तर सिस्टरच्या मागच्या चाकाकडे बघत चालवत होते. गिरणीपुढच्या पट्ट्या आपापल्या जागी होत्या. त्या सोडताना ते प्रत्येक वेळी घड्याळ बघत. डॉक्टर इथून केव्हाच गेला असेल. पट्टीवर ना त्याचा हात होता ना काही, कापड नुसतं उन्हाने तापलेलं होतं. असं तापलेलं कापड ती किती वर्षं हातात घेत आली होती, आणि संध्याकाळी त्याच हातांनी ते आपल्यापुढे धरून मोजून देत होती.

मुक्काम एका शाळेत होता. ते दोघं पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि बाकं भिंतीला लावून अंथरुणं पडली होती. सिस्टरनी दारातूनच सगळ्यांना सांगून टाकलं, "आज शेपूट पुढे गेलं आणि मी मागे. पण मागे येऊन मला घेऊन आलं बरं का!" एकच हशा झाला. डॉक्टर म्हणाला, "वरातीमागून घोडं ऐकलं होतं, पण घोड्यामागून वरात आजच पाहिली!" मास्तरही हसले. हसावंसं वाटत नव्हतं, पण हसल्यावर गप्प बसायची मोकळीक मिळते.

"उद्या अदलाबदल करू या," डॉक्टर जवळ येऊन म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. मागे फार कंटाळा येतो, मला माहीत आहे."

"नको," मास्तर म्हणाले. "मी मागेच बरा."

दोन ताटं झाकून ठेवली होती. अन्न गार झालं होतं. मास्तरांनी व्हरांड्यात एका बाकावर बसून जेवण केलं. आतून गप्पांचा आवाज येत होता, दिवसभराच्या, आणि त्या दिवसात मास्तर कुठेच नव्हते. जेवून त्यांनी पट्ट्या सारख्या करायला घेतल्या आणि पिशवी बाकावर उपडी केली.

आजच्या पट्ट्या आधी पडल्या, लांब, मोकळ्या. मग पिशवीच्या तळातून दुसरंच काहीतरी पडलं. लाल कापडाची लहान लहान कडी, मूठ दोन मूठ भरतील इतकी. मास्तरांनी एक उचललं. एका बाजूला कात्रीने सरळ कापलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला गाठ होती. दुहेरी, वर एक आडवी, दातांनी आवळलेली. स्वतःचं काम टेलर कुठेही ओळखतो. ज्या गाठी तिला सुटल्या नव्हत्या त्या तिने कापून काढल्या होत्या आणि रस्त्यात टाकायच्या नाहीत म्हणून पिशवीत ठेवल्या होत्या. पट्ट्या कमी का भरत, ते आता कळलं. चारचौघांत तो विनोद झाल्यावर ती या पिशवीवर हात ठेवून उभी असायची.

मास्तरांनी एक गाठ सोडायला घेतली. बोटं वळेनात. अंगठ्याचं नख आत घातलं, जोर लावला, आणि नख मधोमध तुटलं. गाठ तशीच होती. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"पोचलात?" पलीकडून ती म्हणाली.

"पोचलो."

"जेवलात?"

"जेवलो. गार झालं होतं."

"शेवटच्याला गारच मिळतं." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. "असं काय बोलताय? तोंडात काय आहे?"

"अंगठा. नख तुटलं."

मागे नातू कसलीशी गाडी फरशीवर फिरवत होता, तिची घरघर ऐकू येत होती.

"पिशवीच्या तळाला होत्या का?"

"हं."

"टाकायच्या राहूनच गेल्या बघा."

"अगं, मला सांगायचंस."

"सांगितलं होतं."

होतं.

"विचारा आता," ती म्हणाली. "मी कबूल केलं होतं."

दिवसभर त्यांनी मनात मुद्दे काढून ठेवले होते. बिनबटणांचे शर्ट, घर, लोक काय म्हणतील. त्यातला एकही आता आठवेना. "परत येतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "रागाने नाही म्हणत हो. राग कधीच गेला. पण दुकानात काय, घरी काय, टूरवर काय, मी जिथे पोचायचे तिथून तुम्ही आधीच उठलेले असायचात. इथे मी भाजी घेऊन आले तरी हे पोरगं दारात उभं असतं. मला त्याची सवय लागलीय. आता ती मोडवत नाही."

व्हरांड्यातल्या दिव्याभोवती किडे फिरत होते. मास्तरांनी अंगठा तोंडातून काढला. "मग मी येऊ का?"

"न्यायला येणार असाल तर येऊ नका."

"न्यायला नाही." पुढचं वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "राहायला."

पलीकडे घरघर थांबली. तिने बहुधा हात करून नातवाला गप्प केलं असावं. "आणि दुकान?"

"दुकान काय, मशीन तिथे दुकान. पण लेकीच्या घरात मशीनला जागा कुठली? त्यांची अडचण होणार."

"मागच्या खोलीत खिडकीखाली बसतं. टेबलासकट. उजेडही डावीकडून येतो तिथे, तुम्हाला लागतो तसा. मी मापून ठेवलीय जागा."

"मापून? कधी मापलीस?"

"आले त्याच वर्षी."

मास्तर तसेच फोन कानाला लावून बसून राहिले. पलीकडे तिनेही फोन ठेवला नव्हता. ती थांबली होती.